चौथी संपली, पाचवी कुठे? प्राथमिक शाळेच्या वर्षअखेरीबद्दल पालकांचे नेहमीचे प्रश्न

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आणि बरीच वर्षं चौथीचा वर्ग माझ्याकडे आहे. मार्च उजाडला की शाळेच्या फाटकात, बाजारात, एसटीच्या थांब्यावर पालक गाठतात आणि प्रश्न सुरू होतात. प्रश्न दर वर्षी तेच असतात, पण विचारणारी आई नवी असते आणि तिची काळजीही नवी असते. म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली. नियम महाराष्ट्रातल्या राज्य अभ्यासक्रमाच्या शाळांचे आहेत. आमची शाळा चौथीपर्यंतच आहे, त्यामुळे चौथीतून पाचवीत जाण्याबद्दल इथं जास्त लिहिलं आहे.

वर्षअखेरीचं वेळापत्रक साधारण कसं असतं?

एप्रिलमध्ये दुसऱ्या सत्राची संकलित, म्हणजे सत्राअखेरची, परीक्षा होते. मग आम्ही पेपर तपासतो, श्रेणी काढतो, वर्णनात्मक नोंदी लिहितो. बहुतेक शाळांत १ मे रोजी महाराष्ट्र दिनाचं झेंडावंदन झालं की निकाल वाटतात आणि दुसऱ्या दिवसापासून उन्हाळ्याची सुट्टी लागते. शाळा पुन्हा जूनच्या मध्याला भरते. विदर्भात ऊन उतरत नाही म्हणून तिथं आणखी उशिरा भरते. नेमक्या तारखा दर वर्षी शिक्षण विभागाच्या पत्रानं ठरतात, तेव्हा गावाला जायची तिकिटं काढण्याआधी वर्गशिक्षकांना विचारून घ्या.

परीक्षा संपली की मुलाला घरी ठेवलं तर चालेल का?

ठेवू नका. परीक्षेनंतरचे आठ-दहा दिवस मला वर्षातले सगळ्यात मोलाचे वाटतात. अभ्यासाचा ताण नसतो, मुलं मोकळी बोलतात. जे मूल वर्षभर हात वर करत नव्हतं ते याच दिवसांत येऊन सांगतं, की बाई, मला भागाकार अजून येत नाही. ते ऐकायला मूल वर्गात असावं लागतं.

पहिली ते चौथीत मूल नापास होऊ शकतं का?

नाही. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्यानुसार या इयत्तांत मुलाला त्याच वर्गात ठेवता येत नाही. पण पुढच्या वर्गात गेलं म्हणजे सगळं येतं, असं समजू नका. ढकललं गेलेलं मूल आणि तयार होऊन गेलेलं मूल, दोघांच्या प्रगतिपत्रकावर 'वरच्या वर्गात प्रवेश' हेच छापलेलं असतं. फरक आतल्या नोंदींत असतो आणि त्या फार थोडे पालक वाचतात.

प्रगतिपत्रकात 'ब-२' आहे. म्हणजे किती टक्के? चांगलं की वाईट?

आधी आकडे सांगते. १०० पैकी ९१ ते १०० म्हणजे अ-१, ८१ ते ९० अ-२, ७१ ते ८० ब-१, ६१ ते ७० ब-२, ५१ ते ६० क-१, ४१ ते ५० क-२ आणि ३३ ते ४० ड. त्याखाली इ-१ आणि इ-२. म्हणजे ब-२ हे काही वाईट नाही.

आता हे गुण येतात कुठून ते पाहा. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात पहिली-दुसरीला १०० पैकी ७० गुण आकारिक मूल्यमापनाचे असतात आणि ३० संकलित परीक्षेचे. तिसरी-चौथीला हेच प्रमाण ६० आणि ४० आहे. आकारिक म्हणजे वर्षभराचं काम: तोंडी काम, उपक्रम, प्रकल्प, वर्गात आम्ही टिपलेली निरीक्षणं, छोट्या चाचण्या, स्वाध्याय. एप्रिलच्या पेपरला मूल तापानं फणफणलं होतं म्हणून सगळं वर्ष पाण्यात गेलं, असं इथं होत नाही.

माझी विनंती अशी, की श्रेणीवर बोट ठेवण्याआधी शेवटच्या पानावरच्या नोंदी वाचा. 'विशेष प्रगती', 'आवड-छंद', 'सुधारणा आवश्यक' अशा तीन चौकटी असतात. 'जोडाक्षरं वाचताना अडखळते' असं लिहिलं असेल, तर सुट्टीत काय करायचं ते तिथंच सांगितलेलं आहे. 'समाधानकारक' एवढंच लिहिलं असेल, तर शिक्षकांना थांबवून विचारा. ते विचारणं तुमचा हक्क आहे, आम्हाला त्याचा राग येत नाही. उलट नोंद वाचून प्रश्न विचारणारा पालक भेटला, की रात्री बसून लिहिलेलं कामी आलं असं वाटतं.

आणि एक. निकालाच्या दिवशी शेजारच्या मुलाचं प्रगतिपत्रक मागून तुलना करू नका. मुलं त्या वेळी आईबापाच्या तोंडाकडे बघत असतात. तुम्ही पान उलटताना कपाळाला आठी घातली, तर ती त्यांच्या लक्षात राहते.

पाचवीला खरंच नापास करतात का?

करू शकतात. २०१९ मध्ये केंद्रानं शिक्षण हक्क कायद्यात दुरुस्ती करून पाचवी आणि आठवीला वर्षाअखेर परीक्षा आणली. मूल अनुत्तीर्ण झालं तर त्याच वर्गात ठेवायचं की नाही, हे त्या त्या राज्यावर सोडलं. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये आपले नियम बदलले आणि २०२३-२४ या शैक्षणिक वर्षाच्या अखेरीला पहिल्यांदा ही परीक्षा झाली. पाचवीला प्रत्येक विषयाची परीक्षा ५० गुणांची असते आणि उत्तीर्ण व्हायला ३५ टक्के लागतात, म्हणजे ५० पैकी १८.

एखाद्या विषयात मूल मागे पडलं, तर शाळेनं त्याला जादा मार्गदर्शन द्यायचं आणि निकालापासून २ महिन्यांच्या आत पुनर्परीक्षा घ्यायची, असं कायदाच सांगतो. त्यातही जमलं नाही तर मूल पाचवीतच राहतं. पण आठवी पूर्ण होईपर्यंत त्याला शाळेतून काढता येत नाही. मुलगी पाचवीत नापास झाली म्हणून तिची शाळा बंद करणारे पालक मी पाहिले आहेत. नियमानं तिला दुसरी संधी दिली होती, घरानं दिली नाही. तसं करू नका.

मूल थांबलंच तर त्याला 'आता तरी शहाणा हो' असं म्हणू नका. त्याच्या वर्गातली मुलं पुढं गेली आहेत आणि तो लहान भावंडांच्या वयाच्या मुलांत बसणार आहे, एवढं त्याला पुरेसं झोंबत असतं. शाळेत जाऊन कुठला घटक राहिला ते विचारा. बहुतेक वेळा अडचण एखाद्याच ठिकाणी असते: गणितात भागाकार आणि अपूर्णांक, भाषेत सलग वाचन.

आमची शाळा चौथीपर्यंतच का? पाचवी प्राथमिकमध्येच येते ना?

कायद्यानं पहिली ते पाचवी प्राथमिक आणि सहावी ते आठवी उच्च प्राथमिक. पण महाराष्ट्रात त्याआधी कित्येक दशकं चौथीपर्यंत प्राथमिक शाळा आणि पाचवीपासून हायस्कूल, अशीच रचना होती. इमारती, शिक्षकांची पदं, संस्थांची हायस्कुलं सगळी त्या मापानं उभी राहिली. त्यामुळे काही ठिकाणी पाचवीचा वर्ग प्राथमिक शाळेला जोडला गेला, बऱ्याच ठिकाणी नाही. तुमच्या गावात शाळा चौथीला थांबत असेल, तर मुलाला नऊ-दहा वर्षांच्या वयात शाळा बदलावी लागते. त्या वयाला ते जड जातं.

पाचवीपर्यंतची शाळा १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत असावी, असं राज्याच्या नियमांत आहे. अंतर याहून जास्त असेल तर शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत तो विषय मांडा. त्या समितीत ७५ टक्के सदस्य पालकच असतात.

शाळा सोडल्याचा दाखला कधी आणि कसा मिळतो?

मुख्याध्यापकांकडे अर्ज करायचा. पाचवीसाठी कुठल्या शाळेत नाव घालणार ते अर्जात लिहा. निकाल लागल्यावर जनरल रजिस्टर, म्हणजे शाळेत कायम राहणारी मुलांची नोंदवही, तिच्यातल्या नोंदीवरून दाखला लिहिला जातो. त्यावर मुलाचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, जात, शाळेत आल्याची आणि सोडल्याची तारीख, प्रगती, वर्तणूक असं सगळं येतं. हाच कागद मूल मोठं झाल्यावर जातीच्या दाखल्यासाठी, नोकरीसाठी पुन्हा पुन्हा बाहेर काढावा लागतो. म्हणून हातात पडल्यावर शाळेतच उभं राहून वाचा. घरी नेऊन कपाटात ठेवला आणि दहा वर्षांनी उघडला, असं नको.

कागदाच्या बरोबरीनं संगणकावरही एक काम असतं. प्रत्येक मुलाला ११ अंकी कायम शिक्षण क्रमांक असतो, त्याला शाळेत 'पेन' म्हणतात. जुन्या शाळेनं यू-डायस प्लस या सरकारच्या ऑनलाइन प्रणालीत मूल दाखला घेऊन गेल्याची नोंद करायची आणि नव्या शाळेनं त्याच क्रमांकावरून त्याला आपल्या पटावर घ्यायचं. पहिली पायरी होऊन दुसरी राहिली, तर मूल रोज वर्गात बसलेलं असलं तरी पटावर कुठेच दिसत नाही. जुलैत एकदा नव्या शाळेत जाऊन 'आमचं नाव ऑनलाइन चढलं का?' एवढं विचारा. दोन मिनिटांचं काम आहे.

दाखल्यावरचं नाव किंवा जन्मतारीख चुकली असेल तर?

मूल शाळेच्या पटावर असतानाच दुरुस्ती करून घ्या. जन्माचा दाखला घेऊन मुख्याध्यापकांना भेटा. मूल शाळा सोडून गेलं की हेच काम फार किचकट होतं. म्हणूनच मी दर वर्षी जानेवारीत चौथीच्या सगळ्या पालकांना बोलावून जनरल रजिस्टरमधली नोंद वाचून दाखवते. वडिलांच्या नावातली वेलांटी, आडनावातला 'ळ' आणि 'ल', आधारवरचं वेगळं स्पेलिंग, सगळं त्या दिवशी सापडतं. तुमच्या शाळेत असं होत नसेल तर स्वतः जाऊन विचारा.

दाखला मिळायला उशीर होतोय. नवी शाळा म्हणते, दाखल्याशिवाय नाव घालत नाही.

शाळेत पुढचा वर्गच नसेल, तर दुसऱ्या सरकारी किंवा अनुदानित शाळेत जाण्याचा मुलाला हक्क आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ मध्ये तो दिला आहे. त्याच कलमात पुढं म्हटलं आहे, की मुख्याध्यापकांनी दाखला तत्काळ द्यायचा आणि दाखला आला नाही हे प्रवेश लांबवायला किंवा नाकारायला कारण होऊ शकत नाही. तेव्हा मूल पहिल्या दिवसापासून वर्गात बसू द्या, असा आग्रह धरा. कागद मागून येतो. ऐकलं नाही तर केंद्रप्रमुखांकडे किंवा गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज करा.

पाचवीच्या प्रवेशासाठी मुलाची परीक्षा किंवा पालकांची मुलाखत घेतात. योग्य आहे का?

नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ नं त्याला मनाई केली आहे. पहिल्या वेळी २५,००० रुपयांपर्यंत आणि नंतर प्रत्येक वेळी ५०,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. प्रवेश झाल्यावर मुलाला काय येतं हे समजून घ्यायला चाचणी घेतली, तर ती वेगळी गोष्ट. ती चांगलीच आहे.

चौथीतून पाचवीत गेल्यावर मुलासाठी नेमकं काय बदलतं?

आपल्याला वाटतं अभ्यास वाढतो. मुलांना विचाराल तर ती दुसरंच सांगतात.

आमच्या वर्गात सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकच बाई असतात. कुणाच्या पोटात दुखतं, कुणाची आई माहेरी गेली आहे, कोण आज न जेवता आलं, हे त्यांना न सांगता कळतं. पाचवीत दर तासाला घंटा होते आणि शिक्षक बदलतात. गणिताचे सर वेगळे, इंग्रजीच्या मॅडम वेगळ्या. कुणाला काय सांगायचं हेच मुलाला कळत नाही. लघवीला जायचं तर आताच्या सरांना विचारू की पुढच्या तासाच्या? एका मुलीनं पाचवीचा पहिला महिना पाणीच प्यायलं नव्हतं, म्हणजे विचारायची वेळ येणार नाही. तिच्या आईला हे जुलैच्या शेवटी कळलं.

दुसरा बदल आकाराचा. चौथीत मूल शाळेतलं सगळ्यात मोठं असतं. परिपाठात पुढं उभं राहायचं, पहिलीच्या पोरांना हात धरून आणायचं, घंटा द्यायची. दीड महिन्याची सुट्टी झाली की तेच मूल दहावीच्या मुलांच्या गर्दीत सगळ्यात लहान होतं. हा फरक त्याला शब्दांत सांगता येत नाही. ते नुसतं गप्प होतं.

अभ्यासातही बदल आहेतच. मराठी माध्यमात आजवर हिंदी पाचवीपासून सुरू होत आली आहे. तासिकांचं वेळापत्रक असतं, त्याप्रमाणे दप्तर भरावं लागतं. पहिले पंधरा दिवस रात्री मुलाबरोबर बसून दप्तर भरा, मग त्याला एकट्याला भरू द्या. दुपारच्या जेवणाची काळजी नको, सरकारी आणि अनुदानित शाळांत पोषण आहार आठवीपर्यंत असतो.

सुट्टीआधी मुलाला नवी शाळा दाखवून आणावी का?

नक्की. आम्ही एप्रिलमध्ये चौथीचा सगळा वर्ग घेऊन हायस्कूलला जातो. भाषणं ठेवत नाही. मुलींची आणि मुलांची स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, पाचवीचा वर्ग, मैदान, मुख्याध्यापकांची खोली, एवढं दाखवतो. मग आमचीच पाचवीत गेलेली पोरं त्यांना भेटतात आणि मोठ्यांना बाजूला काढून खरं काय ते सांगतात. त्या दहा मिनिटांत जेवढं काम होतं, तेवढं माझ्या वर्षभराच्या सांगण्यानं होत नाही.

शाळेनं नेलं नाही तर तुम्ही न्या. शाळा भरलेली असताना न्या. सुट्टीत बंद फाटक दाखवून उपयोग नाही.

माझ्या मुलाला काही खास अडचण आहे. नव्या शाळेला कोण सांगणार?

हा प्रश्न फार थोडे पालक विचारतात. मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

मुलाबरोबर दाखला जातो, संचयी नोंदपत्रक म्हणजे वर्षावर्षाच्या प्रगतीची एकत्र नोंद जाते. त्यात श्रेणी असतात, उंची-वजन असतं. पण आपण चार वर्षांत जे ओळखलेलं असतं ते त्यात मावत नाही. माझ्या वर्गातल्या एका मुलाला डाव्या कानानं कमी ऐकू यायचं. मी त्याला कायम पहिल्या बाकावर, डाव्या भिंतीच्या कडेला बसवायची, म्हणजे उजवा कान माझ्याकडे राहायचा. इतकी सवय झाली होती, की हे कुणाला सांगावं लागेल असं माझ्या मनातही आलं नाही. पाचवीत तो उंचीनुसार शेवटच्या बाकावर गेला. दिवाळीपर्यंत सगळ्यांचं मत झालं होतं की मुलगा मठ्ठ आहे, लक्ष देत नाही. त्याची आई मला बाजारात भेटली म्हणून कळलं. चूक माझी होती.

तेव्हापासून मी प्रत्येक मुलासाठी नव्या वर्गशिक्षकांच्या नावे एक छोटी चिठ्ठी लिहिते. पाच-सहा ओळी. कुठे बसवावं, कशानं घाबरतो, कशानं खुलतो, घरी अभ्यास घेणारं कुणी आहे का, शाळेत यायला काय अडचण येते. मुलाबद्दलची तक्रार त्यात लिहीत नाही. वाईट शेरा चिठ्ठीतून पुढं गेला, तर नव्या शाळेत नवी सुरुवातच होत नाही.

तुमच्या शिक्षकांकडे अशी चिठ्ठी मागा. दिली नाही तर स्वतः लिहा. चष्मा, फिट येणं, दमा, औषधाची वेळ, बोलताना अडखळणं हे पहिल्याच आठवड्यात वर्गशिक्षकांना तोंडी सांगून वर कागदही द्या. दिव्यांग प्रमाणपत्र असेल तर त्याची प्रत दाखल्याबरोबरच जोडा आणि समग्र शिक्षा या सरकारी योजनेच्या विशेष शिक्षकांना, जे आमच्या शाळेत येत होते, त्यांना मूल कुठल्या शाळेत गेलं ते कळवा.

निरोप समारंभ कसा असावा? घरून काय द्यायचं?

काही देऊ नका. नवे कपडे, वर्गणी, केक, बाईंना साडी, यातलं काहीच नको. वर्गात अशी मुलं असतात ज्यांच्या घरी पन्नास रुपये काढणंही अवघड असतं, आणि निरोपाच्या दिवशीच त्यांना ते जाणवावं हे बरोबर नाही. द्यायचंच असेल तर मुलाच्या हातचं पत्र द्या. माझ्याकडे अशा पत्रांची पेटी आहे.

आम्ही तिसरीच्या मुलांना सूत्रसंचालन देतो. चौथीची मुलं एकेक करून पुढं येतात आणि शाळेतली एक आठवण सांगतात. कुणी सहलीतल्या पावसाची सांगतं, कुणी पहिल्या दिवशी खिडकीचे गज धरून रडल्याची. चौथीच्या परिसर अभ्यासात शिवछत्रपतींचा इतिहास असतो, त्यामुळे अफजलखानाच्या भेटीचा प्रसंग दर वर्षी कुणीतरी करतंच. मग प्रत्येक मूल आपलं एक काम तिसरीतल्या मुलाला सोपवतं: घंटेचा दांडा, ग्रंथालयाची वही, झाडांना पाणी घालायची झारी. हे मला भाषणांपेक्षा मोठं वाटतं. आपण केलेलं काम आपल्यामागे चालू राहणार आहे, हे मुलाला डोळ्यांनी दिसतं.

मूल त्या दिवशी फार रडलं. काळजी करावी का?

नाही. रडू द्या. 'मोठा झालास, रडतोस काय' असं म्हणून थांबवू नका, मुलग्यांना तर अजिबात नको. जी मुलं त्या दिवशी काहीच दाखवत नाहीत आणि घरी गेल्यावर चिडचिड करतात, त्यांच्याशी जरा जास्त बोला.

माझ्या मुलीला स्नेहसंमेलनात घेतलंच नाही.

वर्गशिक्षकांना स्पष्ट विचारा. प्राथमिक शाळेच्या गॅदरिंगमध्ये प्रत्येक मूल स्टेजवर आलंच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. निवड चाचणीची ही जागा नाही.

धाकटा जूनमध्ये पहिलीत येणार आहे. त्याच्यासाठी आतापासून काय करायचं?

३१ डिसेंबरपर्यंत ६ वर्षं पूर्ण होत असतील तर पहिलीत नाव घालता येतं. जन्माचा दाखला हाताशी नसला तरी प्रवेश अडत नाही, कायद्यानं तो अडवता येत नाही.

२०२२ पासून सरकारी शाळांत शाळापूर्व तयारी मेळावा भरतो, एक एप्रिलमध्ये आणि एक जूनमध्ये. नाव नोंदवून मूल एकेका टेबलावर जातं: उड्या मारणं, रंग आणि आकार ओळखणं, चित्र पाहून बोलणं, वस्तू मोजणं, अनोळखी माणसाशी बोलणं. शेवटी पालकांना साहित्य देतात आणि मधल्या काळात घरी काय करायचं ते सांगतात. वस्तीवरच्या आयांचे गट होतात, त्या एकमेकींच्या मुलांना घेऊन बसतात. पहिल्या मेळाव्यात आईचा पदर न सोडणारं मूल दुसऱ्या मेळाव्यात टेबलापाशी एकटं उभं राहतं, हे मी दर वर्षी बघते. ही परीक्षा नाही, तेव्हा घरून पाठ करून आणू नका.

अंगणवाडीताईंनाही नक्की भेटा. तुमच्या मुलाबद्दल त्या जे सांगतील ते पहिलीच्या बाईंच्या कानावर घाला.

मे महिन्यात अभ्यास घ्यावा की नाही?

पुढच्या वर्गाचं पुस्तक आणून सुरुवात करू नका. मागचं राहिलं असेल तेवढं पक्कं करा. रोज २० मिनिटं मोठ्यानं वाचन आणि बाजारहाटाचा हिशेब मुलाकडून करून घेणं, चौथीच्या मुलाला एवढं पुरे. बाकी वेळ त्याला आजोळी जाऊ द्या, पोहायला शिकू द्या, पण विहिरीवर मोठं माणूस बरोबर असल्याशिवाय नाही.

जुन्या पुस्तकांचं काय करायचं?

चांगल्या स्थितीत असतील तर शाळेत आणून द्या. शाळेत उशिरा दाखल होणाऱ्या मुलांना ती कामी येतात.

आम्ही ऊसतोडीला जातो. परीक्षेच्या वेळी गावात नसलो तर?

कारखान्याचा हंगाम लांबला की हे होतंच. निघण्याआधी शाळेतून शिक्षण हमी कार्ड घ्या. मूल कुठल्या इयत्तेत आहे, त्याला काय येतं, हे त्यावर असतं आणि ते दाखवून जिथं जाल तिथल्या शाळेत मुलाला बसवता येतं. परत आल्यावर थेट शाळेत या. पटावरून नाव कमी झालं असेल, बाई काय म्हणतील, असा विचार करून जूनपर्यंत थांबू नका. मुलाला आजी-आजोबांपाशी गावातच ठेवता आलं तर सगळ्यात चांगलं, पण ते प्रत्येकाला शक्य नसतं हे मला माहीत आहे.

पाचवीची शाळा लांब आहे. मुलीला एकटीला कसं पाठवायचं?

ही काळजी खरी आहे आणि तिच्यापायी हुशार मुली घरी बसतात. ग्रामीण भागातल्या मुलींना पाचवीपासून बारावीपर्यंत शाळेत जायला एसटीचा मोफत पास मिळतो, तो अहिल्यादेवी होळकरांच्या नावाच्या योजनेतून. तो कसा मिळेल ते नव्या शाळेत विचारा. जून उजाडल्याबरोबर विचारा.

आणि एकट्या मुलीला पाठवू नका, गटानं पाठवा. आम्ही एप्रिलमध्येच चौथीच्या सगळ्या मुलींच्या आयांना एकत्र बसवतो आणि कोण कोणाबरोबर जाणार ते ठरवतो. आधीच्या वर्षीच्या मुली त्यांना सांभाळून नेतात. एका वर्षी पाचपैकी चार मुलींची नावं लांबच्या शाळेत घातली होती आणि पाचव्या मुलीचे वडील तयार नव्हते. बाकीच्या चौघी त्यांच्या घरी जाऊन ओट्यावर बसल्या. ती पाचवी मुलगीही शाळेत गेली.

जून संपत आला तरी मूल नव्या शाळेत जायला तयार नाही.

पहिले तीन-चार आठवडे रोज सकाळी पोटात दुखणं, डोकं दुखणं साहजिक आहे. 'आज काय शिकवलं' असं विचारू नका. 'डबा कुणाबरोबर खाल्लास' हे विचारा. आठवड्याभरात एक नाव आलं की निम्मं काम झालं. महिनाभरानंतरही नाव येत नसेल, झोपेत दचकत असेल, पुन्हा अंथरूण ओलं करायला लागलं असेल, तर वर्गशिक्षकांना भेटा. कुणी मारतं का, चिडवतं का, हे नीट बघा. शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्हींना कायद्यानं बंदी आहे, त्यामुळे तसं काही आढळलं तर गप्प बसायचं कारण नाही.

पाचवीत गेल्यावर मूल जुन्या बाईंना भेटायला आलं तर चालेल?

या. दाखला नेला तरी जनरल रजिस्टरमधलं नाव शाळेतच राहतं. मागच्या पिढीतले आजोबा कधीतरी वयाच्या पुराव्यासाठी येतात आणि पिवळ्या पडलेल्या पानावर त्यांचं नाव मी बोट फिरवत शोधून देते. येताना पाचवीचं हिंदीचं पुस्तक घेऊन या, मला वाचून दाखवा. फक्त दुपारच्या सुट्टीत या, तास चालू असताना मला वर्ग सोडता येत नाही.